चूल आणि हातभट्टी

दारूने संसार धुळीस मिळतात, हे सांगावयास अग्रलेखाची गरज नाही. पण ज्या घरी दारू नुसती प्यायली जात नाही तर विकलीही जाते, आणि त्या विक्रीवरच चूल पेटते, त्या घरच्या पोराने तिचा धिक्कार करावा तरी कोणत्या तोंडाने? आमच्या सुधारकांच्या व्याख्यानांत हा प्रश्न क्वचितच येतो. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त तो येतो.

लिंबाळे आपल्याच जिल्ह्याचे. अक्कलकोट तालुक्यातील हन्नूर हे त्यांचे गाव. जन्म १९५६ चा, पुस्तक १९८४ चे. पुष्कळ लोक ते कादंबरी समजून हाती घेतात. ते आत्मकथन आहे. आई दलित, जन्मदाता सवर्ण पाटील, आणि त्याने पोरास आपले म्हणावयाचे नाही! बारा मासे भरले तर तोळा, अकराच भरले तर अक्करमाशी. हे वजन आमच्या व्यापारी बंधूंस समजावून द्यावयास नको. गुरांच्या शेणातून वेचलेले ज्वारीचे दाणे धुऊन आजी त्यांची भाकर करते, तो प्रसंग वाचल्यावर पुढचे ताट ओढून घेणे कठीण जाते.

त्या पोटासाठीच घरात दारूचा धंदा शिरला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याच्या दृष्टीने परवान्यावाचून दारू विकणारी बाई गुन्हेगार, यात शंका नाही. न्यायासनास त्यापलीकडे फारसे विचारता येत नाही. समाजास येते. पिंजऱ्यात ती उभी राहते. तिच्या पोरास नाव नाकारणारा गृहस्थ मात्र पिंजऱ्याबाहेर, बहुधा साक्षीदारांच्या बाकावर!

आमच्या शहरालगतच्या मुळेगाव तांड्यावर वर्षानुवर्षे छापे पडले, भट्ट्या फुटल्या, आणि पुन्हा पेटल्या. २०२१ साली अधीक्षक तेजस्वी सातपुते यांच्या कारकिर्दीत सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ हाती घेतले. छाप्यांच्या जोडीला भट्टीवाल्यांस दुसरा रोजगार मिळवून देण्याचा तो उद्योग होता. दंडुका ज्यांचे हत्यार, त्या खात्यास हे सुचले. सभा भरविणाऱ्या आम्हा सुशिक्षितांस सुचले नाही.

जुळे सोलापुरात दुकाने, मंगल कार्यालये, शिवणकामाचे गाळे वाढत आहेत. भट्टी सोडून आलेल्या बाईस त्यांपैकी किती ठिकाणी काम मिळेल? दारूबंदीच्या सभेस वर्गणी देणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनी वर्गणीबरोबर एवढेही कळवावे.