फ्रिज चालू आहे, पण थंड आहे का?

गेल्या उन्हाळ्यात कसबा बावड्यातील सत्तरी ओलांडलेल्या एक आजी माझ्याकडे आल्या. पथ्य तेच, इन्सुलिनची मात्रा तीच, तरी रक्तातील साखर चढतच होती. मात्रा वाढवण्यापूर्वी मी विचारले, "आजी, इन्सुलिन ठेवता कुठं?" "फ्रिजातच की. पण डॉक्टर, अलीकडं त्यात दूधसुद्धा नासतंय बघा."

दिवा लागतो, घरघर ऐकू येते, म्हणून आपण निर्धास्त असतो. इन्सुलिन हे प्रथिन आहे. उष्णतेने त्याची शक्ती घटते आणि कुपीकडे पाहून ते बहुधा कळत नाही. नासलेले दूध निदान वास तरी देते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राहिले पाहिजे. मात्र ते गोठले, तर टाकूनच द्यावे.

फ्रिजमध्ये ठेवायचा साधा तापमापक आणा आणि पाण्याच्या पेल्यात घालून मधल्या फळीवर रात्रभर ठेवा. (तापाचा थर्मामीटर येथे निरुपयोगी, एक काका तोच घालून बसले होते!) सकाळी आकडा ८ च्या वर दिसला, तर प्रथम आतली चकती पाहा. थंडीत ती कमी केलेली असते आणि चैत्र उजाडला तरी कोणाच्या लक्षात येत नाही. मग दारात कागद धरून दार लावा. कागद सहज ओढून निघाला, तर दाराचे रबर सैल झाले आहे. आत डबे खचाखच भरले असतील, तर गार हवा फिरत नाही. मागची जाळी भिंतीला टेकलेली किंवा धुळीने भरलेली असेल, तर प्लग काढून ती स्वच्छ करावी. पण फ्रिज सरकवण्याचे काम घरातील तरुणांकडे द्या. मोडलेल्या खुब्यापेक्षा बिघडलेला फ्रिज परवडतो. एवढे करूनही वरचा कप्पा गार आणि खालचा कोमट राहिला, तर मेकॅनिक बोलवावा.

आणि वीजच गेली तर? ऑगस्ट २०१९ च्या महापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी कितीतरी मागे टाकली, तेव्हा अनेक घरांत दिवसचे दिवस वीज नव्हती. अशा वेळी फ्रिजचे दार उघडू नये. वीज लांबली, तर कुपी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून मातीच्या भांड्यात ठेवावी आणि भांड्याभोवती ओले फडके गुंडाळावे. वापरात असलेली कुपी साधारण २५ अंशांपर्यंतच्या खोलीत बहुधा चार आठवडे टिकते. नेमकी मुदत वेष्टनातील पत्रकात पाहावी. दोन तासांहून अधिक काळ कोमट राहिलेले दूध, भात, आमटी मात्र वृद्धांना देऊ नये.

आजींच्या फ्रिजचे रबर फाटले होते. रबर बदलले, नवी कुपी आणली. साखर आठवड्याभरात उतरली. त्या दिवशी मी मात्रा वाढवली असती, तर नव्या, पूर्ण ताकदीच्या कुपीने साखर एकाएकी घसरून आजी पहाटे बेशुद्ध सापडल्या असत्या. म्हणून कुपी खराब झाल्याची शंका आली, तर नवी सुरू करण्यापूर्वी मात्रा आपल्या डॉक्टरांना विचारा आणि पहिले काही दिवस साखर वारंवार तपासा.