आरोपी कंपायलर, साक्षीदार एम्युलेटर

जुना प्रोग्राम एम्युलेटरवर कोसळला की आपल्यातील अनेकांचा निकाल तयारच असतो : ‘त्या काळचे कंपायलरच भिकार!’ पुरावा कोणी मागत नाही. आरोपी म्हातारा आहे एवढे पुरते. इतिहासाच्या अभ्यासकाने तरी असा निवाडा करू नये. १९९४ सालचे एक प्रकरण पाहा.

अमेरिकेत, व्हर्जिनियातील लिंचबर्ग कॉलेजात थॉमस नाइसली हे गणिताचे प्राध्यापक होते. ३ आणि ५, ११ आणि १३ अशा जोडमूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज ते अनेक संगणकांवर करीत. त्यांत नव्या पेंटियमची भर पडली आणि जूनमध्ये आकडे जुळेनासे झाले. संशयित पुष्कळ होते : स्वतःचा प्रोग्राम, कंपायलर, मदरबोर्ड. नव्या कोऱ्या चिपकडे बोट दाखवणे तर वेडेपणाच वाटावा. नाइसलींनी चार महिने खर्ची घालून एकेक संशयित वगळला.

या तपासातील मला सर्वांत मोलाची वाटते ती एक साधी उलटतपासणी. त्या काळी डॉसच्या कंपायलरांसोबत फ्लोटिंग पॉइंट गणिताचा एम्युलेटर येई. यंत्रात गणिताची चिप नसली तर तिचे काम तो सॉफ्टवेअरने, सावकाश करी. पेंटियममधील गणिती विभाग बंद ठेवला की उत्तर बरोबर येई. पुन्हा चालू केला की चूक परते. ८२४६३३७०२४४१ या संख्येला तिच्याच व्यस्ताने गुणले तर १ यायला हवा, पेंटियम ०.९९९९९९९९६ च्या आसपास काहीतरी देई! भागाकारासाठी चिपमध्ये कोरलेल्या कोष्टकातील पाच नोंदी गाळल्या गेल्या होत्या. इंटेलला हे प्रकरण ४७.५ कोटी डॉलरना पडले.

मग जुने कंपायलर चुकतच नसत काय? चुकत की! टर्बो पास्कलचे ‘सीआरटी’ युनिट आरंभी ५५ मिलिसेकंदांत लूपच्या किती फेऱ्या होतात ते मोजून त्या संख्येला ५५ने भागे. वेगवान यंत्रावर तो भागाकार १६ बिटांत मावत नसे आणि ‘रनटाइम एरर २००’ दाखवून प्रोग्राम बंद पडे. एम्युलेटरचा वेग उतरवला की तोच प्रोग्राम निमूटपणे चालतो. येथे दोष कंपायलरसोबतच्या लायब्ररीचाच. परंतु तो वेग बदलून पाहिल्यावर उघड होतो, वय पाहून नव्हे.

माझा राग आहे तो पुढच्या पायरीवर. कंपायलरला दोषी ठरवून मंडळी थेट मूळ फाइलमध्येच ठिगळ लावतात आणि तीच प्रत पुढे वाटतात. एम्युलेटरमध्ये दोष असेल तर तो तसाच राहतो आणि ऐतिहासिक साधन मात्र बाटते. अक्षर लागेना म्हणून दस्तऐवजावर स्वतःची शाई फिरवणाऱ्याला आपण संशोधक म्हणतो काय? आधी दुसरा एम्युलेटर, दुसरा वेग आणि मिळाल्यास त्या काळचे खरे यंत्र वापरून पाहा. तरीही ठिगळ लावायचेच असेल, तर मूळ प्रत शेजारी ठेवा आणि कोणते बाइट बदलले ते लिहून ठेवा.