‘म्हणून दाखव’ म्हणू नका!

परवा सुट्टीत घरी गेलो होतो. ताईचा पाच वर्षांचा मुलगा आला होता. शेजारचे काका आले आणि ताई लगेच म्हणाली, "चल, काकांना पोएम म्हणून दाखव!" बिचारा हात हलवत, छताकडे बघत धाडधाड म्हणून मोकळा झाला. काकांनी टाळ्या वाजवल्या, त्याला मोबाईल मिळाला, विषय संपला. मला तर आपली व्हायवाच आठवली! तोंडातून सगळं बाहेर येतं, डोक्यात मात्र काहीच नसतं.

मित्रांनो, आपल्यापैकी बहुतेकांची कवितेशी ओळख अशीच झाली ना? आधी ‘म्हणून दाखव’, मग ‘संदर्भासह स्पष्टीकरण’. चौथीत एक कडवं विसरलो म्हणून मला तासभर उभं केलं होतं. ती कविता आज आठवत नाही, दुखलेले पाय तेवढे आठवतात.

याउलट माझी आजी. लोडशेडिंगच्या काळात रात्री लाईट गेले की ती अंगणात सतरंजी टाकायची आणि विंदा करंदीकरांच्या बालकविता म्हणायची. ‘राणीची बाग’, ‘एटू लोकांचा देश’ ही पुस्तकं तिने आईच्या लहानपणी घेतलेली, पानंपानं सुटलेली. पण अंधारात पुस्तक हवंय कुणाला? तिला सगळं पाठ! तिने कधी अर्थ सांगितला नाही की प्रश्न विचारला नाही. मधेच एखादा शब्द गाळायची आणि आम्ही पोरं ओरडून तो भरायचो. याच विंदांना 2003 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळालाय, हे मला फार नंतर कळलं.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की, कविता मुलांना आधी घरात भेटली पाहिजे. कारण घर ही एकच जागा अशी आहे, जिथे तिला मार्क नाहीत.

बहिणाबाई चौधरींचंच बघा. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातली, शेतातली कामं करता करता त्या गाणी रचायच्या. ती ऐकत वाढलेला त्यांचा मुलगा सोपानदेव पुढे स्वतः कवी झाला. बहिणाबाई 1951 साली गेल्या आणि 1952 साली त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली, ती सोपानदेवांमुळेच. त्या घरात कसली आलीय पाठांतर स्पर्धा?

आता कुणी म्हणेल, "इंजिनिअरला कविता कशाला?" ऐका तर मग. लघु अक्षराची एक मात्रा, गुरूच्या दोन. चार मात्रांची ओळ लघु-गुरूंनी किती प्रकारे भरता येईल? 5. पाच मात्रांची 8, सहा मात्रांची 13. ओळखीचे आकडे वाटतात ना? फिबोनाचीने 1202 साली आपला ग्रंथ लिहिण्याआधीच, 1150 च्या सुमारास आचार्य हेमचंद्रांनी छंदांचा विचार करताना हा हिशोब मांडला होता!

दुसरी तक्रार वेळेची. आईबाबा दोघंही दमून घरी येतात, हे मान्य. पण एका छोट्या कवितेला दोन मिनिटं लागतात. अंघोळ घालताना, बूट चढवताना, गाडीवर पुढे बसवून नेताना म्हणा. तीच ती पुन्हा म्हटली तरी चालते, मुलांना उलट तेच हवं असतं. इंग्लिश मीडियमच्या मुलाला एखादा शब्द कळला नाही तरी बिघडत नाही. आधी नाद कानात बसू दे, अर्थ मागून येईल.

भाच्यावर मी प्रयोग करून पाहिला. पहिले तीन दिवस त्याने सरळ मोबाईल मागितला. चौथ्या रात्री मी मुद्दाम ओळीतला शेवटचा शब्द गाळला. त्याने भलताच शब्द ठोकून दिला, पण यमक बरोब्बर जुळलं! आम्ही दोघं पोट धरून हसलो.

तेव्हा पुढच्या सुट्टीत घरी जाताना भाच्या-पुतण्यांसाठी चॉकलेटबरोबर कवितांचं एखादं पुस्तकही न्या. शेजारी बसा, मोठ्याने वाचा. आणि हो, वाचून झाल्यावर ‘म्हणून दाखव’ मात्र म्हणू नका!