फॅन ‘डायरेक्ट’ करण्याआधी ‘का?’ विचारा

मे महिन्यात पिंगळीहून परभणीला गाडी काढली की मोकळ्या रस्त्यावर सगळं ठीक असतं. फाटक बंद मिळालं किंवा शहरात ट्रॅफिक लागलं, की टेंपरेचरचा काटा लालकडे सरकतो. बोनेट उघडून बघावं, तर रेडिएटरचा फॅन ढिम्म! मग गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं, “फॅन डायरेक्ट करून टाकू.” म्हणजे बॅटरीपासून वेगळी वायर आणि डॅशबोर्डखाली एक बटण. स्वस्तात काम झालं म्हणून आपण खूश.

मला विचाराल तर ही दुरुस्ती नाही, तक्रार दाबून टाकणं आहे.

मित्रांनो, हे समजायला इंजिनिअरिंगला ॲडमिशन लागत नाही. गाडी पळताना समोरचा वाराच रेडिएटर थंड करतो. फॅनची खरी गरज असते गाडी थांबल्यावर. कूलंट साधारण 95 ते 100 अंशांवर गेलं की सेन्सर खबर देतो, रिले करंट सोडतो आणि मोटर फिरते. म्हणजे संशयित मोजकेच : फ्यूज, रिले, सेन्सर, मोटर आणि त्यांना जोडणाऱ्या वायरी.

तपासही सोपा आहे. आधी कूलंट पुरेसं आहे का बघा, पण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच. गरम रेडिएटरचं झाकण उघडलं तर दाबाखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. मग गाडी चालू करून एसी लावा. बऱ्याच गाड्यांत एसीबरोबर हा फॅनही फिरतो. फिरला, तर मोटर ठीक आहे. संशय सेन्सरवर किंवा त्याच्या वायरीवर. नाही फिरला, तर फ्यूज बघा. तोही चांगला असेल, तर त्याच नंबरचा दुसरा रिले लावून बघा. तरीही ढिम्म? मग मेकॅनिककडून मोटरला थेट 12 व्होल्ट देऊन तपासून घ्या. हात आणि ओढणी मात्र लांब ठेवा, काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन अचानक सुरू होतो.

आता ‘डायरेक्ट’चा धोका बघा. समजा मोटर जाम होती, म्हणून फ्यूज उडाला. फ्यूजने त्याचं काम केलं. आपण त्यालाच वगळून वायर ओढली, तर पुढच्या वेळी तापेल ती वायर, आणि वायर तापली की आग लागायला वेळ लागत नाही. दुसरं म्हणजे ते बटण लक्षात कोण ठेवणार? तुम्ही ठेवाल. पण रात्री आजोबांना दवाखान्यात न्यायला काकांनी गाडी काढली तर? इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं, की वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट बिल होतं.

यात सगळा दोष मेकॅनिकदादांचा नाही. आपण पार्टचे पैसे देतो, पण बिघाड शोधायला लागलेल्या वेळाचे द्यायचे म्हटलं की कुरकुर करतो. “नुसतं बघायचे कसले पैसे?” असं म्हणणाऱ्या गिऱ्हाईकाला मग अंदाजाने बदललेला पार्ट तरी मिळतो, नाहीतर बटण.

मोबाईल स्लो झाला तर आपण सेटिंग्जमध्ये शिरून कारण शोधतो. मग घरच्या गाडीच्या बाबतीतच “करून टाका काहीतरी” का? पुढच्या वेळी गॅरेजमध्ये एवढंच म्हणा, “दादा, फॅन का बंद पडला ते आधी शोधा, शोधायचे पैसे वेगळे देतो.” आणि ते शोधत असताना फोन खिशात ठेवून शेजारी उभे राहा. बघून बघूनच येतं हे काम.

तोवर वाटेत काटा चढलाच तर एसी बंद करून गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि थांबा. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका.