रेल्वे अडते ती खोडदची शांतता कशासाठी?

पुणे-नाशिक रेल्वेचा विषय निघाला की ‘जीएमआरटी’चं नाव येतंच. पण खोडद परिसरातल्या या दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश नेमकं काय ऐकतात, हे जुन्नरकरांना नीट कोणी सांगितलंय?

एकच उदाहरण घेऊ. दोन ताऱ्यांमधली जागा रिकामी नसते, तिथे विरळ हायड्रोजन असतो. त्यातूनच पुढे तारे घडतात. हा हायड्रोजन २१ सेंटीमीटरची रेडिओलहर सोडतो, म्हणजे साधारण १४२० मेगाहर्ट्झ. एकट्या अणूला ती आपणहून सोडायला सरासरी एक कोटीहून जास्त वर्षं लागतात! अणू अगणित, म्हणून काहीतरी ऐकू येतं.

या वायूची वीण किती बारीक? जुनं कापड उजेडासमोर धरलं की विरलेली जागा दिसते, तसंच इथे करतात. मागे एखादा प्रखर रेडिओस्रोत हवा. वायू कुठे किती लहरी गिळतो, ते मोजायचं. १९७६ मध्ये असंच मोजताना पृथ्वी-सूर्य अंतराच्या काही दसपट एवढ्याशा अंतरावरही वायूत फरक दिसला. कोडंच पडलं. इतक्या लहान, दाट गाठी टिकतील कशा? त्या तर लगेच विरायला हव्यात.

२००० मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतले अविनाश देशपांडे यांनी वेगळा मुद्दा मांडला. घाटातल्या दोन जवळच्या दगडांच्या उंचीत फरक असला, म्हणून मध्ये वेगळी टेकडी असतेच असं नाही. अख्ख्या डोंगराचा उतारही त्यात असतो. वायूचंही तसंच, गाठी मानायची गरज नाही.

असले बारीक फरक मोजायचे तर शांतता लागतेच. तुमचा मोबाइल चंद्रावर नेऊन चालू केला, तरी तो आकाशातल्या बहुतेक रेडिओस्रोतांपेक्षा ‘जोरात’ ऐकू येईल. १४०० ते १४२७ मेगाहर्ट्झचा पट्टा जगभर राखीव आहे, पण विजेच्या रेल्वेच्या ठिणग्या पट्टा बघून उडत नाहीत.

म्हणून दुर्बिणीची मागणी मला रास्त वाटते. ‘विज्ञान की विकास’ हा वाद मात्र फसवा आहे. किती अंतरावर किती गोंगाट चालतो, कोणत्या उपायाने तो किती घटतो, हे आकडे मराठीत, ग्रामसभेत मांडा. विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं, गर्दीही होते. पण शांततेची किंमत जो तालुका मोजतो, त्याला वर्षातून एकदाच का सांगायचं?