माशांची वाढ आणि बियाण्याचा दाखला

शेततळ्यांत मासे सोडणाऱ्या आमच्या बांधवांत सध्यां दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, हार्मोन दिलेलें बी आणावें, मासा दुपटीनें वाढतो. कोणी म्हणतो, हार्मोनाचा मासा म्हणजे निव्वळ विष. दोन्ही समज अपुरे आहेत, आणि पैसा मात्र शेतकऱ्याचा जातो.

हार्मोन हा खुराक नव्हे. १९५७ सालीं डॉ. हिरालाल चौधरी यांनीं ओडिशांत आपल्या कार्प माशांस पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त पाण्यांत अंडीं घालावयास लाविलें. तेथें हार्मोनानें वीण घडविली. तिलापियांत याच्या उलट वीण थांबवावयाची असते. त्याची मादी अंडीं व पिलें तोंडांत सांभाळते आणि त्या दिवसांत जवळजवळ उपाशी राहते. शिवाय हा मासा थोड्याच महिन्यांत वयांत येतो. मग तळें बारीक पिलांनीं भरतें व आपण टाकिलेला खुराक त्यांत वांटला जातो. म्हणून बीजकेंद्रांत पिलें खाऊं लागतांच तीन-चार आठवडे त्यांच्या खाद्यांत मेथिलटेस्टोस्टेरोन, किलोमागें सुमारें ६० मिलिग्रॅम, मिसळतात. त्यानें बहुतेक पिलें नर होतात. पुढें तें देत नाहींत, आणि विक्रीच्या कित्येक आठवडे आधींच तें माशाच्या अंगांतून निघून गेलेलें असतें. तेंच चूर्ण घरीं आणून मोठ्या माशांस चारणें म्हणजे पैशाचा नाश, व हाताळणाऱ्याच्या प्रकृतीस धोका.

गुणसूत्रांचीही गोष्ट अशीच. तिलापियाच्या पेशींत ४४ गुणसूत्रें, म्हणजे आईबापांचे बावीस-बावीसचे दोन संच असतात. अंडें फलित होतांच त्यास उष्णतेचा, थंडीचा किंवा दाबाचा धक्का दिल्यास आईचा जो जादा संच बाहेर टाकला जावयाचा तो आंतच राहतो व संख्या ६६ होते. असा मासा बहुधा वांझ असतो, त्यामुळें गाभोळीवर होणारा खर्च अंगीं लागतो. पण तो वयांत आल्यानंतर. रोहू-कटला दोन वर्षांच्या सुमारास वयांत येतात आणि आम्ही ते वर्षभरांत विकतों. मग वांझपणाचा नफा कोठून? शिवाय तापलेलें, प्राणवायु कमी असलेलें पाणी अशा माशांस सोसत नाहीं, आणि वैशाखांत आमचीं तळीं कशीं असतात हें वाचकांस सांगणें नको.

गेल्या वर्षीं ‘सर्व नर’ म्हणून आम्हीं तिलापियाचें बी घेतलें. दिवाळीनंतर तळ्यांत बोटभर पिलांचे थवे दिसूं लागले. विक्रेत्याकडे गेलों, तर पावतीवर ‘मत्स्यबीज’ एवढाच शब्द! उभी उमर महसुलाच्या कचेरींत नोंदी लिहिण्यांत घालविलेल्या आम्हांस ही चूक व्हावी, याची लाज वाटते. अमेरिकेंत तण खाण्यासाठीं सोडावयाचा तीन संचांचा गवत्या मासा एकेक करून रक्त तपासून निवडतात, आणि सरकारी निरीक्षक त्यांतून पुन्हा नमुना पाहून दाखला देतो. आमच्या संस्थेनें इतकें तरी करावें कीं, केंद्राचें नांव, हार्मोन दिल्याच्या तारखा व नरांचें शेंकडा प्रमाण पावतीवर लिहून घेतल्यावांचून सभासदांसाठीं बी घेऊं नये.

तोंवर प्रत्येकानें मासे हाताच्या बोटाएवढे होतांच शंभर काढून उलटे करून पाहावे. पोटाखालीं नरास दोन छिद्रें असतात, मादीस तीन.