गुडघ्याचा पट्टा : आधार आहे, औषध नव्हे



पाऊस उघडला, निंदणी सुरू झाली, की गावोगाव एकच तक्रार कानी येते : "साहेब, गुडघे धरले!" मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण दिवसभर उकिडवे बसून खुरपणाऱ्या आयाबायांचे हाल बांधावरून रोज दिसतात. म्हणून आज पिकाऐवजी गुडघ्याविषयी.

गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर कूर्चेची गुळगुळीत गादी असते. वयाने, वजनाने, कष्टाने ती झिजते व सांधा दुखू लागतो. ही झीज कोणत्याही पट्ट्याने भरून येत नाही. पट्टा आधार देतो, चालताना दुखणे थोडे हलके करतो, एवढेच.

पट्टे मुख्यतः दोन तऱ्हेचे. एक मोज्यासारखा ताणणारा. तो ऊब व धीर देतो. दुसरा बिजागरीचा. पुष्कळांचा गुडघा आतल्या बाजूने झिजतो व पाय धनुष्यासारखा बाकतो. अशा वेळी हा पट्टा काही भार बाहेरच्या बाजूस वळवतो. तो डॉक्टरांनी तपासून द्यावा, बाजारातून अंदाजाने आणू नये.

जू नीट बसले नाही तर बैलाचा खांदा सोलवटतो, तीच गत पट्ट्याची. टेपने माप घेऊनच घ्या. सैल पट्टा घसरतो. घट्ट पट्ट्याने मुंग्या येतात, पाय सुजतो. तसे झाल्यास लगेच काढा. कामाच्या व चालण्याच्या वेळी बांधा, झोपताना सोडा. मधुमेह असेल किंवा पायाच्या शिरा फुगल्या असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पट्ट्याच्या जोडीला मांडी बळकट करा. खाटेवर बसून पाय सरळ करावा, पाच अंक मोजावेत, हळू खाली आणावा. असे दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. काठी धरायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. वजन जास्त असेल तर उतरवा.

आणि घरधन्यांनो, एक गोष्ट मनावर घ्या. पट्टा बांधून बाईमाणूस पुन्हा दिवसभर उकिडवेच बसणार असेल, तर पैसे पाण्यात गेले. ओळीतले पीक असेल तर सायकल कोळपे आणा. तण उभ्याने निघते. ओळीत उरलेल्या तणासाठी लांब दांड्याचे खुरपे द्या.

गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, किंवा अचानक अडकला, तर पट्टा शोधत बसू नका, दवाखाना गाठा.

तूर्त इतकेच.